ज्याने कॅरिबियन बेटावर घोडे नेले, त्या कोलंबसला शेवटी खेचरावर बसायला राजाचा परवाना लागला

फेब्रुवारी १५०५. स्पेनमधलं सेव्हिल शहर. पन्नाशी ओलांडलेला एक माणूस घरात अडकून पडला होता. सांधे सुजलेले, हातपाय आखडलेले. त्याला राजाच्या दरबारात जायचं होतं, पण दरबार होता शेकडो किलोमीटर दूर. एवढा प्रवास घोड्यावर बसून करणं त्याच्या शरीराला झेपणारं नव्हतं. खेचराची चाल संथ असते, धक्के कमी बसतात, म्हणून खेचरावरून जावं असा त्याचा विचार होता.

पण अडचण कायद्याची होती. स्पेनमध्ये तेव्हा पुरुषांनी खेचरावर बसायला बंदी होती. लोक सोयीचं म्हणून खेचरच वापरू लागले, तर चांगले घोडे पैदा कोण करणार आणि लढाईला घोडदळ कुठून येणार, या काळजीपोटी राजा-राणीनेच हा कायदा केला होता. पाद्री आणि स्त्रिया सोडल्या तर बाकीच्यांनी घोडाच वापरावा, असा नियम होता.

शेवटी २३ फेब्रुवारी १५०५ रोजी राजा फर्डिनांडने खास परवाना काढला. या एका माणसाला, त्याचं वय आणि आजारपण बघून, खोगीर आणि लगाम घातलेल्या खेचरावर बसायची मुभा मिळाली.

तो माणूस म्हणजे क्रिस्तोफर कोलंबस.

कोलंबसची गोष्ट आपण शाळेत शिकतो. भारत शोधायला निघाला आणि अमेरिकेला पोचला, तीन जहाजं, १४९२ साल वगैरे. पण त्याच्या आयुष्यातला घोड्यांचा भाग सहसा सांगितला जात नाही. आज अमेरिका म्हटलं की काऊबॉय, रेड इंडियन घोडेस्वार आणि मोकाट फिरणारे मस्टँग घोडे डोळ्यांसमोर येतात. त्या सगळ्याची सुरुवात कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर झाली आणि ती कोलंबसच्या हातून झाली. त्या बेटावरच्या लोकांना मात्र या सुरुवातीची फार मोठी किंमत मोजावी लागली.

विणकराचा मुलगा, समुद्रावरचा माणूस

कोलंबसचा जन्म १४५१ च्या सुमारास इटलीतल्या जिनोआ शहरात झाला. वडील लोकर विणायचे. घराण्याला ना जहागीर, ना तबेला. पोरगा लहानपणीच समुद्रावर गेला. पुढे पोर्तुगालमध्ये राहिला, नकाशे आणि वारे समजून घेतले आणि पश्चिमेकडून आशिया गाठायची कल्पना डोक्यात घेऊन १४८५ मध्ये स्पेनला आला.

तिथे त्याला सात वर्षं दरबाराच्या मागे फिरावं लागलं. राणी इझाबेला आणि राजा फर्डिनांड तेव्हा ग्रॅनडाच्या मुस्लिम राज्याशी लढत होते. २ जानेवारी १४९२ ला ग्रॅनडा पडलं आणि त्यानंतरच कोलंबसच्या बेताला होकार मिळाला.

हे युद्ध पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं आहे, कारण त्यात स्पेनच्या घोडेस्वारांची एक खास पद्धत तयार झाली होती. आखूड रिकिबी, गुडघे वाकवून बसणं, हलका भाला आणि चपळ घोडा. ही पद्धत त्यांनी शत्रूकडूनच, म्हणजे मूर घोडेस्वारांकडून उचलली होती. युद्ध संपल्यावर असे शेकडो भालाईत स्वार ग्रॅनडाच्या परिसरात मोकळे होते.

ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस पहिल्यांदा कॅरिबियनमध्ये पोचला. डिसेंबरमध्ये तो एका मोठ्या, डोंगराळ, हिरव्यागार बेटाला लागला. तिथले ताइनो लोक आपल्या भूमीला आयती म्हणायचे, कोलंबसने बेटाला नाव दिलं हिस्पानिओला. आज त्याच बेटावर हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक असे दोन देश आहेत.

या बेटावर घोडा नव्हता. गाय, बैल, शेळी, डुक्कर यातलंही काही नव्हतं. जमिनीवर राहणारा त्यातल्या त्यात मोठा प्राणी म्हणजे हुतिया, उंदराच्या जातकुळीतला, साधारण सशाएवढा. ताइनो लोक लहान कुत्री पाळायचे. पण ज्याच्या पाठीवर माणूस बसू शकेल असं जनावर त्यांनी कधी पाहिलेलंच नव्हतं.

गंमत म्हणजे घोड्याचा वंश मुळात उत्तर अमेरिकेतलाच. लाखो वर्षं तो तिथे वाढला, तिथून आशिया आणि युरोपात पसरला आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आपल्या मूळ खंडातून नाहीसा झाला. म्हणजे कोलंबसच्या जहाजावर चढलेला घोडा एका अर्थाने माहेरी निघाला होता. पण कॅरिबियन बेटांवर तो आधी कधीच नव्हता.

दाखवले एक, चढवले दुसरेच

पहिल्या सफरीहून कोलंबस परतला तेव्हा त्याचं जंगी स्वागत झालं. लगेच दुसऱ्या सफरीची तयारी सुरू झाली. या वेळी बेत नुसतं बघून यायचा नव्हता, वसाहत करायची होती. १७ जहाजं, हजाराहून जास्त माणसं, बी-बियाणं, ऊस, कोंबड्या, डुकरं, मेंढ्या. आणि घोडे.

मे १४९३ मध्ये राजा-राणीने हुकूम काढला की ग्रॅनडाच्या भागातले २० भालाईत स्वार या सफरीवर पाठवावेत. त्यातल्या पाच जणांनी एकेक जास्तीचं जनावर न्यावं आणि ते जास्तीचं जनावर घोडीच असावी. या पाच घोड्यांच्या अटीतच पुढचा सगळा इतिहास दडलेला आहे. नुसते घोडे नेले असते, तर ते लढले असते, म्हातारे झाले असते आणि विषय संपला असता. घोड्या नेल्या म्हणजे तिथेच पैदास करायचा विचार होता.

स्वार सेव्हिलला आले. तिथे त्यांची पाहणी झाली. घोडे उमदे होते, बघणारे खूश झाले. प्रत्यक्ष जहाजावर जनावरं चढवायची वेळ आली तेव्हा कोलंबस आजारी होता. तो स्वतः बघायला गेला नाही आणि तिथेच माशी शिंकली.

स्वारांनी पाहणीत दाखवलेले घोडे विकून टाकले. त्या पैशातून स्वस्तातली, साधीसुधी जनावरं घेतली, फरक खिशात घातला आणि तीच जनावरं जहाजावर चढवली. समुद्रात गेल्यावर कोण तपासणार?

२५ सप्टेंबर १४९३ ला ताफा काडिझ बंदरातून निघाला. कॅनरी बेटांवर थांबून पाणी, लाकूड आणि आणखी जनावरं घेतली. मग अटलांटिक ओलांडायला साधारण तीन आठवडे लागले. घोड्यासाठी असा प्रवास म्हणजे छळच. त्याला पाणी भरपूर लागतं, वैरण लागते आणि जहाज हललं की पाय मोडायची भीती. ३ नोव्हेंबरला जमीन दिसली, पण जनावरांची सुटका झाली नाही. बेटामागून बेट करत ताफा हिस्पानिओलाला पोचला, तर तिथे आधीच्या सफरीत मागे ठेवलेली ३९ माणसं मेलेली आणि त्यांचा लाकडी कोट जळालेला. मग नवीन जागेचा शोध सुरू झाला. अखेर जानेवारी १४९४ मध्ये बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर ला इझाबेला नावाची वसाहत उभी राहू लागली, तेव्हा कुठे घोड्यांचे पाय जमिनीला लागले.

शिलेदारांचा हट्ट

घोडे उतरल्यावर कोलंबसला फसवणूक कळली. ३० जानेवारी १४९४ रोजी त्याने अंतोनिओ दे तोरेस या सरदाराबरोबर राजा-राणीला लांबलचक निवेदन पाठवलं. सोनं, आजारपण, धान्याची टंचाई या सगळ्याबरोबर त्यात घोड्यांची तक्रारही आहे. सेव्हिलला दाखवलेले घोडे वेगळे आणि आलेले वेगळे, यातल्या सगळ्यात चांगल्या घोड्याचीही किंमत दोन हजार मारावेदींपेक्षा जास्त होणार नाही, असा त्याचा सूर होता. राजा-राणीने चौकशी करून दोषींना शिक्षा करायचा हुकूम दिला. पण हे सगळं वरातीमागून घोडं. जनावरं तर येऊन पडली होती.

दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. मराठी वाचकाला ती पटकन समजेल, कारण शिलेदार आणि बारगीर हा फरक आपल्याला माहीत आहे. बारगीर सरकारी घोड्यावर बसतो, शिलेदाराचा घोडा स्वतःचा असतो. हे ग्रॅनडाचे स्वार शिलेदारांसारखे होते. घोडा आमचा, त्यावर आम्हीच बसणार, दुसऱ्या कुणाला देणार नाही. स्वार आजारी पडला तर घोडाही तबेल्यात उभा. आणि घोड्यावर बसून करायचं काम नसेल, तर हे स्वार दुसरं काहीच करायला तयार नसत.

इझाबेलात तेव्हा परिस्थिती वाईट होती. शेकडो लोक तापाने फणफणले होते, आणलेलं धान्य नासत चाललं होतं. घरं बांधायची, कालवा खणायचा, पिठाची चक्की उभारायची, तर हात कमी पडत होते. म्हणून कोलंबसने निवेदनात सुचवलं की हे घोडे कमी दर्जाचे असले तरी सरकारने विकत घ्यावेत, म्हणजे ज्याला गरज असेल त्याला ते वापरता येतील. त्याने मानकऱ्यांनाही मजुरी करायला लावली. त्यांना हा अपमान वाटला आणि त्यांच्या मनात या परदेशी विणकराच्या पोराबद्दल जी अढी बसली, ती पुढे त्याला महागात पडली.

समुद्रावर कोलंबसचा हात धरणारं कुणी नव्हतं. जमिनीवर माणसं सांभाळण्यात मात्र तो कमी पडत होता.

टापांचा आवाज

मार्च १४९४ मध्ये कोलंबस सोन्याच्या शोधात बेटाच्या आतल्या सिबाओ भागाकडे निघाला. बरोबर शेकडो माणसं आणि चालण्याच्या स्थितीतले घोडे. डोंगरातून वाट फोडून ते वर चढले आणि समोर विस्तीर्ण सपाट खोरं दिसलं. त्याला नाव दिलं वेगा रेआल, म्हणजे राजाचं कुरण. पाणी मुबलक, गवत भरपूर. घोड्यांसाठी याहून चांगली जागा नव्हती.

कोलंबसने घोडे मुद्दाम पुढे ठेवले होते. धाक बसावा हाच हेतू होता. स्पॅनिश इतिवृत्तांमध्ये लिहिलंय की ताइनोंना आधी घोडा आणि स्वार मिळून एकच प्राणी वाटला आणि स्वार खाली उतरल्यावर ते चकित झाले. हे लिहिणारे स्पॅनिश होते, त्यामुळे थोडा मीठमसाला धरून चालावा. पण भीती खरी होती. काही आठवड्यांनी एका गावात पाच स्पॅनिश माणसांना लोकांनी घेरलं होतं. तिथे एकच घोडेस्वार पोचला आणि चारशेहून अधिक लोक पांगले, अशी नोंद आहे.

या भीतीचा वापर सगळ्यात धूर्तपणे केला अलोन्सो दे ओहेदा या तरुण सरदाराने. काओनाबो हा बेटावरचा बलाढ्य राजा, स्पॅनिशांना विरोध करणाऱ्यांमधला सगळ्यात ताकदवान. ओहेदा त्याला मित्र म्हणून भेटायला गेला. बरोबर चकचकीत पितळी बेड्या घेऊन गेला. ताइनो लोकांना पितळेचं फार अप्रूप होतं, ते त्याला आकाशातून आलेला धातू मानायचे. हे राजाचे दागिने आहेत, ते घालून घोड्यावर बसायचा मान तुम्हाला मिळेल, असं ओहेदाने भासवलं. काओनाबो नदीवर स्नान करून आला, ओहेदाच्या मागे घोड्यावर बसला आणि बेड्या चढवून घेतल्या. ओहेदाने आधी दोन-चार रपेटी मारल्या, मग टाच मारून घोडा जो उधळला तो थेट इझाबेलाच्या दिशेने. राजाचे लोक बघत राहिले.

बार्तोलोमे दे लास कासास याने आपल्या इतिहासात ही हकीकत दिली आहे. त्याचे वडील दुसऱ्या सफरीत कोलंबसबरोबर होते. पुढे काओनाबोला स्पेनला पाठवलं गेलं आणि तो वाटेतच मेला.

वेगा रेआलची लढाई

मार्च १४९५ मध्ये कोलंबस पुन्हा वेगा रेआलमध्ये उतरला, या वेळी लढायला. बरोबर सुमारे २०० पायदळ, २० घोडेस्वार आणि २० शिकारी कुत्रे. समोर हजारो ताइनो. त्यांच्याकडे लाकडी गदा, दगड आणि लोखंडाचं पातं नसलेले बाण. अंगावर चिलखत नाही.

मोकळ्या मैदानात घोडदळ काय करू शकतं, हे त्या दिवशी दिसलं. बंदुकांच्या आवाजाने गोंधळ उडाला, मग ओहेदाच्या स्वारांनी भाले रोखून मुसंडी मारली आणि पळणाऱ्यांवर कुत्रे सोडले गेले. लढाई म्हणण्यापेक्षा ती शिकारच होती. वर्षभरापूर्वी ज्यांना कोलंबसने कवडीमोल ठरवलं होतं, त्याच तट्टांच्या जोरावर बेट त्याच्या ताब्यात आलं.

त्यानंतर खंडणी सुरू झाली. सोन्याच्या भागात राहणाऱ्या १४ वर्षांवरच्या प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी ठराविक सोनं आणून द्यायचं. सोनं मोजायला माप होतं ससाण्याच्या पायाला बांधायचं घुंगरू. नदीच्या वाळूत एवढं सोनंच नव्हतं. लोक शेतं टाकून डोंगरात पळाले, उपासमार झाली. त्यात युरोपातून आलेले रोग आणि पुढे खाणींतली वेठबिगारी. १५१४ मध्ये बेटावरच्या ताइनोंची मोजदाद झाली, तेव्हा ते जेमतेम २६ हजारांच्या आसपास उरले होते. कोलंबस आला तेव्हा ते किती होते यावर अभ्यासकांमध्ये मोठा वाद आहे, पण ही संख्या याहून बरीच जास्त होती असं मानलं जातं.

हा नाश एकट्या घोड्याने केला असं म्हणता येणार नाही. रोगांनी आणि खाणींनी त्याहून जास्त माणसं मारली. पण मोकळ्या मैदानात पळून जायची वाट घोड्याने बंद केली होती.

बेड्या कोलंबसच्याच पायात

१४९६ मध्ये कोलंबस स्पेनला गेला आणि १४९८ मध्ये तिसऱ्या सफरीवर परत आला. तोवर बेटावर बंड झालं होतं. बंडाचा म्होरक्या होता फ्रान्सिस्को रोल्दान, ज्याला खुद्द कोलंबसनेच मुख्य न्यायाधीश नेमलं होतं. रोल्दानच्या माणसांनी इझाबेलातल्या सरकारी कळपातली जनावरं मारून खाल्ली, लागतील तेवढी बरोबर घेतली आणि बेटाच्या पश्चिमेकडच्या हारागुआ भागात जाऊन बसले. कोलंबसला शेवटी त्यांच्या अटी मान्य कराव्या लागल्या.

तक्रारी स्पेनपर्यंत पोचल्या. १५०० मध्ये फ्रान्सिस्को दे बोबादिया नावाचा अधिकारी चौकशीला आला. त्याने कोलंबसला आणि त्याच्या भावांना बेड्या घालून जहाजावर चढवलं आणि स्पेनला धाडलं. राजा-राणीने त्याला सोडलं, पण बेटाचा कारभार पुन्हा त्याच्या हातात दिला नाही. १५०२ मध्ये निकोलास दे ओव्हान्दो नवा गव्हर्नर म्हणून गेला. त्याच्याबरोबर ३० जहाजं आणि सुमारे अडीच हजार माणसं होती.

त्याच वर्षी कोलंबस चौथ्या आणि शेवटच्या सफरीवर निघाला. जहाजांना किडे लागले, लाकूड पोखरलं गेलं आणि जून १५०३ मध्ये त्याने ती जमैकाच्या किनाऱ्यावर कशीबशी चढवली. तिथे तो वर्षभर अडकला. त्याचा विश्वासू दिएगो मेंदेस होडग्यातून समुद्र ओलांडून हिस्पानिओलाला मदत मागायला गेला. ओव्हान्दो त्याला भेटला तो हारागुआत आणि त्याने मेंदेसला सात महिने तिथेच थांबवून ठेवलं, कारण तिथे वेगळंच काम चालू होतं.

हारागुआची राणी होती आनाकाओना, काओनाबोची विधवा. ओव्हान्दो तिच्याकडे ७० घोडेस्वार आणि ३०० पायदळ घेऊन गेला. तिने आपल्या भागातल्या सगळ्या सरदारांना बोलावलं, नाच-गाण्यांनी पाहुण्यांचं स्वागत केलं. ओव्हान्दो म्हणाला, आता आम्ही तुम्हाला आमचा घोड्यांचा खेळ दाखवतो. वेताच्या काठ्या घेऊन स्वारांनी खेळायची ती लुटुपुटूची लढाई होती. सरदार खेळ बघायला एका मोठ्या घरात जमले. खुणेसरशी स्वारांनी त्या घराला वेढा घातला. सरदारांना आत कोंडून घर पेटवून दिलं. बाहेर पळणाऱ्यांना भाल्यांनी मारलं. आनाकाओनाला नंतर सांतो दोमिंगोत फाशी दिलं गेलं.

दहा वर्षांपूर्वी २५ जनावरांपासून सुरू झालेलं घोडदळ आता ७० स्वारांचं झालं होतं.

खेचरावरचा शेवटचा प्रवास

जून १५०४ मध्ये कोलंबसची जमैकातून सुटका झाली आणि नोव्हेंबरमध्ये तो स्पेनला परतला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला राणी इझाबेला वारली. दरबारात त्याची बाजू घेणारी मुख्य व्यक्तीच गेली.

त्याला राजाला भेटून आपले हक्क, पदव्या आणि उत्पन्नातला वाटा मागायचा होता. पण संधिवाताने तो जर्जर झाला होता. आधी त्याने पालखीसारख्या डोलीतून जायचं ठरवलं. त्यासाठी सेव्हिलच्या कॅथेड्रलकडून एक डोली उसनी मिळायची सोयही झाली. ही डोली होती कार्डिनल मेंदोसाचं शव नेण्यासाठी वापरलेली. ती सुखरूप परत देण्याची हमीसुद्धा कॅथेड्रलने घेतली. पण थंडी फार होती, तब्येत साथ देत नव्हती, म्हणून तो बेत बारगळला. मग खेचराचा विचार पुढे आला.

खेचरावर बसायला बंदी घालणारा तो कायदा १४९४ चा. म्हणजे ज्या वर्षी कोलंबस इझाबेलात बसून घोड्यांची तक्रार लिहीत होता, त्याच वर्षी स्पेनमध्ये घोड्यांची पैदास वाचवण्यासाठी हा नियम झाला होता. आता त्याच नियमातून त्याला सवलत हवी होती. मुलाला लिहिलेल्या पत्रांतून त्याने या परवान्यासाठी पाठपुरावा केला आणि फेब्रुवारी १५०५ मध्ये तो मिळाला.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो खेचरावरून सेगोव्हियाला पोचला. राजाने त्याचं ऐकून घेतलं, गोड बोलला, पण हातात फारसं काही दिलं नाही. कोलंबस दरबाराच्या मागोमाग एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरत राहिला, अगदी तरुणपणी फिरला होता तसाच. २० मे १५०६ रोजी वायादोलिद शहरात त्याचं निधन झालं.

बेटाची झाली पागा

कोलंबस गेला, घोडे राहिले. हिस्पानिओलाच्या कुरणांवर त्यांना खायला भरपूर होतं आणि मारणारा कुठलाही मोठा हिंस्र प्राणी नव्हता. स्पेनमधून आणखी घोड्या येत राहिल्या. बेटावर पागा उभ्या राहिल्या आणि काही दशकांत घोडे एवढे वाढले की बाहेरून आणायची गरज उरली नाही.

इथूनच घोडे पुढे पसरले. १५०९ च्या सुमारास प्वेर्तो रिको आणि जमैका, १५११ मध्ये क्युबा. स्पेनमधून अटलांटिक ओलांडून घोडा आणणं महागडं आणि धोक्याचं होतं. शेजारच्या बेटावरून आणणं तुलनेने सोपं. १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस क्युबाहून मेक्सिकोवर चालून गेला, तेव्हा त्याच्याकडे १६ घोडे होते. एका घोडीने तर जहाजावरच शिंगराला जन्म दिला. अझ्टेक साम्राज्याच्या पाडावात या बेटांवरच्या घोड्यांनी भाग घेतला. पुढे मेक्सिकोतून घोडे उत्तरेकडे गेले आणि अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी ते आपलेसे केले.

पण हिस्पानिओलाच्या लोकांचं काय? त्याचं उत्तर एका घोडीच्या गोष्टीत आहे.

एन्रिकियो नावाचा एक तरुण ताइनो सरदार होता. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे शिकलेला, स्पॅनिश लिहिता-वाचता येणारा. तो बालेन्सुएला नावाच्या स्पॅनिश मालकाच्या ताब्यात होता. एन्रिकियोकडे स्वतःची एक घोडी होती. लास कासासने लिहिलंय की बालेन्सुएलाने आधी ती घोडी हिसकावून घेतली आणि मग एन्रिकियोच्या बायकोवर हात टाकला. एन्रिकियो न्यायासाठी अधिकाऱ्यांकडे गेला, तर त्यालाच धमकावून कोठडीत टाकलं. वरच्या न्यायालयात गेला, तिथूनही काही हाती लागलं नाही.

मग १५१९ च्या सुमारास तो आपल्या लोकांना घेऊन बाओरुकोच्या डोंगरात गेला. उभे कडे, दाट जंगल, धारदार खडक. वेगा रेआलच्या मैदानात जे घोडे अजिंक्य होते, ते इथे चालूच शकत नव्हते. स्वारांना पायउतार व्हावं लागलं आणि मग लढाई बरोबरीची झाली. तुकड्यांमागून तुकड्या पाठवूनही एन्रिकियो हाती लागला नाही. अखेर १५३३ मध्ये स्पेनच्या राजाला त्याच्याशी तह करावा लागला. त्याला आणि त्याच्या लोकांना स्वातंत्र्य आणि राहायला जागा मिळाली. गनिमी कावा आणि डोंगरदऱ्यांचं महत्त्व जाणणाऱ्या महाराष्ट्राला हे गणित वेगळं समजवायला नको.

आज डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये एन्रिकियोच्या नावाचा प्रांत नाही, पण देशातल्या सगळ्यात मोठ्या सरोवराला त्याचं नाव आहे. आणि प्वेर्तो रिको, डॉमिनिकन रिपब्लिक, कोलंबिया या भागात पासो फिनो नावाचे घोडे डौलाने चालताना दिसतात. लहान चणीचे, झपझप पावलं टाकणारे आणि पाठीवर बसलेल्याला जवळजवळ धक्काच न देणारे. या जातीची ओळखच तिची मऊ चाल आहे. तिचे पूर्वज म्हणजे वसाहतीच्या सुरुवातीच्या काळात स्पेनमधून बेटांवर आलेले घोडे.

सांध्यांना धक्का बसू नये म्हणून कोलंबसला राजाकडे खेचराचा परवाना मागावा लागला होता. त्याच्या मागे कॅरिबियनमध्ये जी घोड्यांची जात तयार झाली, तिच्यावर कदाचित त्यालाही आरामात बसता आलं असतं.